नऊशे मीटरची गाडी

गाडीच्या इंजिनाखालचं ऑइल चेंबर फुटतं तेव्हा फार मोठा आवाज होत नाही. नारळावर पहिला घाव चुकावा तसा एक बद्द आवाज, बस्स. मला वाटलं, खालून दगड घासला असेल. दहा-बारा फूट पुढे जाऊन गाडी थांबवली आणि मागे पाहिलं, तर तांबड्या चिखलात काळी रेघ. वरून पाऊस, खालून ओहोळ, आणि पाण्यावर तेलाचा रंगीबेरंगी तवंग.

आई मागच्या सीटवर होती. मांडीवर काकूने दिलेली आमसुलांची पिशवी. "काय झालं गं?"

"काही नाही."

"काही नाही तर वास कसला येतोय?"

गौरी-गणपती बोळवून आम्ही मुंबईला परत निघालो होतो. आमची वाडी देवरुखच्या अलीकडे. डांबरी रस्ता देवळापाशी संपतो, तिथून वर घरापर्यंत नऊशे मीटरची पाणंद. निम्म्यावर एक पऱ्या आडवा येतो. त्यावर पूर्वी लाकडी साकव होता, आता सिमेंटचा आहे, पण म्हणायचं साकवच. साकव संपतो तिथे जांभ्याचा एक दगड जमिनीतून वर आलाय. माझ्या लहानपणापासून तो तिथे आहे. बहुधा माझ्या आजीच्या लहानपणापासूनही असेल. त्याच्याशी कुणाचं कधी भांडण झालं नव्हतं, कारण त्याच्यावरून कुणी मुंबईची हॅचबॅक नेत नसे.

नाक्यावरून मेकॅनिक येईपर्यंत करायला काही नव्हतं, म्हणून वाकून तो दगड मोजला. भरली एक वीत. मुंबईत आल्यावर वीत पट्टीवर ठेवून पाहिली, तर एकोणीस सेंटीमीटर. माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून साडेसोळा सेंटीमीटरवर. अडीच सेंटीमीटरची गोष्ट होती सगळी. मेकॅनिक ओल्यात गोणपाट टाकून खाली शिरला, उरलंसुरलं तेल काढलं, भोकाभोवतीचं सगळं पेट्रोलने पुसून घेतलं आणि एम-सील मळून त्यात थापलं, पुरणाचा उंडा भरावा तसं. तासभर सुकू दिलं, नवं तेल ओतलं आणि म्हणाला, "चिपळूणपर्यंत जाल. पुढचं गणपतीवर." ते एम-सील बोरिवलीपर्यंत टिकलं.

खरं तर लाज वाटण्यासारखी गोष्ट चेंबरची नव्हती, पाच दिवस आधीची होती. येताना त्याच पाणंदीत, साकवाच्या वरच्या चढणीला, गाडीने मान टाकली होती. शेवाळलेला जांभा, वर चिखलाचा पातळ थर. मी जितका ॲक्सिलरेटर दाबत होते तितकी पुढची चाकं जागच्या जागी भिरभिरत होती आणि रबर जळाल्याचा वास येत होता. वाडीतली पाच-सहा पोरं धावत आली. ढकलतील असं वाटलं होतं. त्यातला एक, दहावी-अकरावीतला असेल, खिडकीशी येऊन म्हणाला, "ताई, रिवर्समध्ये घाला."

"चढणीला? रिवर्स?"

"घाला तर."

खाली साकवापाशी जाऊन गाडी वळवली आणि उलटी घातली. मान मुरगळून, मागच्या काचेतून आईच्या डोक्याच्या कडेने बघत, तीस वर्षांपूर्वी ज्या पाणंदीत मी अनवाणी धावले त्या पाणंदीत मी पाठमोरी चढले. आणि गाडी चढली! कारण नंतर कळलं. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी चढाला लागली की तिचं वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात, पकड सुटते. उलटी घातली की तीच चाकं उताराच्या बाजूला येतात आणि सगळं वजन त्यांच्या डोक्यावर बसतं. यात नवीन यंत्र नाही की लाखो रुपये नाहीत. गाडी फिरवायची, इतकंच. त्या दगडावरून जाताना पोरांनी एक चाक मुद्दाम दगडावर घालायला लावलं होतं, म्हणजे पोट आपोआप उचललं जातं. परत येताना मी माझं मुंबईचं शहाणपण वापरलं आणि खड्डा चुकवतात तसा दगड दोन चाकांच्या मधे घेतला. पुढचं आलंच.

तरीही त्या रात्री घरी येऊन मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे चारही चाकांवर चालणाऱ्या, फोर बाय फोर गाड्यांचे व्हिडिओ बघणं.

आता हिशेब सांगते, कारण तो नवऱ्याने मला कागदावर मांडून दाखवला होता. बोरिवली पूर्व ते अंधेरी एमआयडीसी, जाऊन-येऊन बत्तीस किलोमीटर. वर्षातले २४० दिवस धरले तर ७,६८० किलोमीटर. गावाला वर्षातून चार फेऱ्या, सहाशे-सहाशे धरून २,४००. एकूण दहा हजारांच्या जरा वर. त्यातली पाणंद किती? नऊशे मीटर वर, नऊशे मीटर खाली, चार वेळा. सात किलोमीटर दोनशे मीटर. "म्हणजे हजार किलोमीटरमागे सातशे मीटर," तो म्हणाला. "त्यासाठी तू गाडी बदलणार?" माणूस बँकेत आहे. त्याच्या आकड्यांना उत्तर नसतं, म्हणून मी चहा करायला उठले.

उत्तर होतं, पण ते आकड्यात बसणारं नव्हतं. बाबांनी तीस-बत्तीस वर्षं कांदिवलीच्या आकुर्ली रोडवर महिंद्राच्या कारखान्यात काढली. तिथे ट्रॅक्टर आणि इंजिनं होत. घरात मात्र जीपच्याच गोष्टी. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत विलिज जीपचे सुटे भाग बोटीने मुंबईला येत आणि माझगावात जोडले जात, ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली होती की ते स्वतः तिथे उभे होते असं मला बरीच वर्षं वाटायचं. त्यांचा जन्म त्यानंतरचा. स्वतः ते आयुष्यभर लोकल आणि एस.टी.नेच फिरले. गाडी चालवायला शिकले नाहीत. ते गेल्यावर आईला गणपतीला गावी नेणं माझ्याकडे आलं, आणि माझ्या डोक्यात कुठेतरी हे बसलं होतं की त्या पाणंदीने वर जायचं तर जीपनेच जायचं. "जीप" म्हणजे कंपनी कुठलीही असो. आमच्याकडे चौकोनी गाडी म्हणजे जीप.

तर शोरूमच्या फेऱ्या सुरू झाल्या. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच: "सर आलेत का, मॅडम?" सर घरी कागदावर हिशेब मांडत होते. एका ठिकाणी मी गिअरच्या शेजारच्या छोट्या लिव्हरवर हात ठेवून विचारलं, हे कसं टाकायचं ते दाखवता का? तो मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? हे कुणी वापरत नाही."

ते लिव्हर मी नंतर स्वतःच समजून घेतलं. फोर-व्हील म्हणजे चारही चाकांना ताकद, एवढंच मला माहीत होतं. भानगड त्याच्या आतली आहे. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, आतल्याला कमी, म्हणून दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल बसवलेला असतो. पण त्याचा स्वभाव विचित्र. जे चाक सहज फिरतं, फिरणं तो त्यालाच देतो. म्हणजे एक चाक चिखलात भिरभिरत असेल, तर सगळी मेहनत त्या भिरभिरण्यात जाते आणि कोरड्या दगडावर नीट उभं असलेलं चाक नुसतं बघत बसतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही हे यंत्र समजावून सांगावं लागणार नाही. याला उपाय दोन. एकतर डिफरन्शियल लॉक करून दोन्ही चाकं जखडून टाकायची, नाहीतर फुकट फिरणाऱ्या चाकाला कॉम्प्युटरने ब्रेक लावायचा, म्हणजे ताकद नाइलाजाने दुसऱ्याकडे जाते.

आणि दुसरी गोष्ट लो-रेंज. सायकलला चढावर छोटा गिअर टाकतो, तसा सगळ्या गिअरांना मिळून आणखी एक छोटा गिअर. गाडी मुंगीच्या पावलाने चालते, पण थांबत नाही. उतारावर ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, इंजिनच तिला धरून ठेवतं. माझ्या पाणंदीला हवं होतं ते हेच. वेग कुणाला हवाय तिथे?

गंमत अशी की या जातीच्या गाड्यांमध्ये कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकायचंच नसतं. पुढची आणि मागची चाकं एकाच दांड्याला बांधल्यासारखी फिरतात, वळणावर त्यांना वेगवेगळं अंतर जायचं असतं, आणि चाकं घसरून ताण मोकळा करायला खाली चिखल नसतो. सगळं आतल्या गिअरांवर येतं. थोडक्यात, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर ही गाडी साधी टू-व्हील ड्राइव्हच. बाकीचं लोखंड मी रोज अंधेरीला नेणार आणि संध्याकाळी परत बोरिवलीला आणणार.

पर्याय फार नव्हते. महिंद्राची थार सगळ्यांच्या तोंडी. २०१० साली आली, २०२० च्या २ ऑक्टोबरला नव्या रूपात आली, आणि ती नाशिकला बनते म्हणून आमच्या मावशीला तिच्याबद्दल माहेरच्यासारखा अभिमान. जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाईल असं कंपनी सांगते. पण दारं तीन. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून. पाच दारांची थार रॉक्स २०२४ च्या ऑगस्टमध्ये आली, पण तिच्यात फोर बाय फोर हवं तर डिझेलच घ्यावं लागतं. रस्त्यावर दिसणाऱ्या कितीतरी थार फोर बाय फोर नसतातच, हे मला तोवर माहीत नव्हतं. २०२३ च्या जानेवारीत मागच्या चाकांवर चालणारी, दीड लिटरच्या डिझेलची थार आली. चार मीटरच्या आत लांबी आणि दीड लिटरच्या आत डिझेल इंजिन असलं की कर कमी लागतो, म्हणून. दिसायला जीप, कागदावर छोटी गाडी. यात मला काही खोटं वाटत नाही. चौकोनी गाडीतून ऑफिसला जायचं एवढंच हवं असेल तर तीच घ्यावी, उगाच लोखंड कशाला वाहायचं.

पुण्याच्या आकुर्डीवाल्या फोर्सची गुरखा पाहिली. पाण्यावरून श्वास घेणारा स्नॉर्कल कंपनीतूनच बसवलेला, पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियल लॉक, ७०० मिलिमीटर पाणी. निव्वळ कामाच्या दृष्टीने बघाल तर माझ्या मते तीच सगळ्यांत खरी. पण तिच्याकडे बघितल्यावर मला वाटलं की ही मला विचारणार, "तुझ्या नऊशे मीटरसाठी मला बोलावलंस?" मारुतीच्या जुन्या जिप्सीचंही मनात होतं. १९८५ ची ती गाडी, लष्कराची, पोलिसांची, ताडोबातली. कॅनव्हासचं छत, एसी नाही. मे महिन्यात गोरेगावच्या सिग्नलला पंचवीस मिनिटं उभं राहून विचार केला आणि सोडून दिला.

डिझेलबद्दल जरा थांबून सांगते, कारण यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला. ओढ डिझेलचीच. थारच्या मोठ्या डिझेलला ३०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर. यादीत उरलेल्या मारुतीच्या जिमनीच्या पेट्रोलला १३४. निम्म्याहून कमी. पण २०२० पासून, बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमामुळे, डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी पकडणारी गाळणी असते. ती भरली की आतली काजळी जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, जरा वेगाने धावावी लागते. अंधेरी ते बोरिवली सलग धावणारी गोष्ट एकच, लोकल. आम्ही कारवाले पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटतो. वर महाराष्ट्रात डिझेल गाडीला रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त. आणि लो-रेंज असली की १३४ सुद्धा चढणीला पुरतात, कारण जिमनी थारपेक्षा जवळजवळ अर्धा टन हलकी आहे. चिखलात हलकं असण्यासारखं सुख नाही, हे भातलावणी केलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

मग टेप. आमची सोसायटी जुनी, पार्किंग खांबांच्या मधे. माझ्या जागेचे दोन खांब एकमेकांपासून २३० सेंटीमीटर. थारची रुंदी १८२, जिमनीची १६४.५. गाडी एका खांबाला चिकटवून लावली तर दुसऱ्या बाजूला एकीत ४८ सेंटीमीटर उरतात, दुसरीत ६५. एका रविवारी दुपारी मी भिंतीपासून ४८ सेंटीमीटरवर आमची इस्त्रीची फळी उभी केली आणि मधून आडवी होऊन, खांद्याला पर्स, हातात डबा घेऊन जायचा प्रयत्न केला. वॉचमन बघत होता. म्हणाला, "मॅडम, पर्स काढून बघा." पर्स काढूनही डबा अडकत होता, आणि अजून दार उघडायचं होतंच. सगळ्या परीक्षणांत पुढचं नाक न घासता चढायचा ॲप्रोच अँगल असतो, मागचं न घासता उतरायचा डिपार्चर अँगल असतो. चाळिशीतल्या बाईने जेवणाचा डबा घेऊन खांबाशेजारी उतरण्याचा अँगल कुणी देत नाही.

"पण पावसात उपयोग होईल ना मुंबईत?" हे मला ऑफिसात किमान दहा जणांनी विचारलं. मुंबईकराच्या मनात मोठी गाडी म्हणजे पाण्यातून जाणारी गाडी. २६ जुलै २००५ ला मी चोवीस वर्षांची होते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मी अंधेरीहून बोरिवलीला हायवेने चालत आले. रात्रभर. वाटेत बुडालेल्या गाड्यांची नुसती टपं दिसत होती, आणि त्यात लहान-मोठी असा भेद राहिलेला नव्हता. काचा आणि लॉक अडकून काही माणसं त्या दिवशी आपल्या गाड्यांतच गेली. तेव्हापासून मला पाण्यातल्या शौर्याचं काडीचं कौतुक नाही. कंपनी सांगते ती खोली संथ पाण्याची, हळू चालवण्याची. वाहतं पाणी वेगळं. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी उचलली जाते, दोन फुटांत या दांडग्या गाड्याही तरंगतात. आणि अंधेरी सबवेत पाण्याखाली कुठलं झाकण उघडं आहे हे कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. इंजिनात पाणी गेलं तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, आतले दांडे वाकतात. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करायला जाणं हा सगळ्यांत महाग हट्ट. विम्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर ते बिल बहुतेक वेळा आपल्यालाच भरावं लागतं. मी घेतलंय. आणि पाणी भरलं की घरून काम करते.

वाळूचंही तेच. २०२४ संपता संपता रेवदंड्याच्या पुळणीत एक फेरारी रुतली आणि बैलगाडीने तिला ओढून काढलं, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाच असेल. लोक फेरारीला हसले. मी त्या बैलांच्या खुरांकडे बघत होते. दोन फाकणारे खूर, वजन पसरून टाकणारे. टायरमधली हवा कमी करून वाळूत जातात ते याचसाठी.

आईची परीक्षा मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण निकाल काय लागेल याची मला भीती होती.

तिचा उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही. हॅचबॅकमध्ये बसायची तिची एक पद्धत आहे, फिजिओथेरपीवाल्या मुलीने शिकवलेली. दाराकडे पाठ करायची, सीटच्या कडेवर आधी टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घ्यायचे, नवरी पालखीत बसते तसं. पहिल्या उंच गाडीपाशी तिने सवयीने पाठ केली आणि सीट तिच्या कमरेला लागली. टेकणार कशावर? मग ती वळली. आता डाव्या बाजूच्या दारातून चढायचं म्हणजे आधी उजवा पाय वर, आणि तोच वाकत नाही. सेल्सचा मुलगा म्हणाला, "आजी, हे हँडल धरा आणि एक झटका द्या." आईने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. शेवटी मी मागून आधार दिला, तिने डावा पाय पायरीवर ठेवला, उलटाच, मग अंग आत ओढलं, आणि उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. बसल्यावर पदर नीट केला. बाहेर बघितलं.

"उंच आहे," म्हणाली. "एस.टी.ची पायरी याहून उंच होती. पण तेव्हा गुडघे माझे होते."

उतरताना तर दोघांना धरावं लागलं.

जिमनीत सीट त्या मानाने खाली. तरीही टेकून बसण्याइतकी खाली नाही. दारं पाच, पण पुढच्या दारापाशी पाय ठेवायला मधे काहीतरी हवं. आई दोन मिनिटं उभी राहिली, मग म्हणाली, "बाथरूममधलं स्टूल आणलं असतं तर चढले असते." त्याच संध्याकाळी आम्ही प्लास्टिकचं निळं स्टूल घेऊन पुन्हा गेलो. सेल्समनचा चेहरा मी वर्णन करत नाही. स्टुलावर डावा पाय, मग टेकणं, मग दोन्ही पाय आत. आठ सेकंद. मी मोजले.

गाडी त्या स्टुलावर ठरली. बाकीचं सगळं, चॅसी लाकडी पलंगासारखी दणकट, पुढे-मागे दोन चाकांना जोडणारा अखंड ॲक्सल, जमिनीपासून २१० मिलिमीटर उंची, हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं, पण ते समर्थन होतं. ऑटोमॅटिक घेतली, कारण हायवेवर क्लच दाबून माझा डावा गुडघाही आईच्या मार्गाला लागला होता. नवऱ्याने डिकीत डोकं घालून विचारलं, "बाकीची डिकी कुठाय?" २०८ लिटर. एक बॅग आणि गणपतीचं सामान, किंवा दोन्ही बॅगा आणि गणपतीचं सामान मांडीवर.

रोजच्या जाण्या-येण्यात तिचे गुण-दोष दोन्ही आहेत. उंच बसल्यामुळे पुढच्या तीन गाड्यांपलीकडची रिक्षा दिसते, हा मुंबईत खरा फायदा. खड्डे, उखडलेले पेव्हर ब्लॉक, बेताल स्पीडब्रेकर यांची भीती गेली. पण अखंड ॲक्सलची गाडी एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही कळवते. आई म्हणते, होडीत बसल्यासारखं होतं. फोर-व्हीलची यंत्रणा अधूनमधून चालवत राहावी म्हणतात, नाहीतर आतलं तेल एका जागी बसतं. आमच्या गल्लीतला रस्ता काँक्रीटसाठी खोदला होता, तेव्हा मी महिनाभर रोज सकाळी ते लिव्हर टाकून दूध आणायला गेले.

मग गणपती आले. पहाटे तीनला निघालो. २०११ पासून चौपदरी होत असलेल्या त्या हायवेबद्दल नवीन काही सांगण्यासारखं नाही. कशेडीला आता बोगदा आहे, घाट चढावा लागत नाही, आणि आईला ते आवडत नाही कारण घाटात थांबून चहा व्हायचा. दुपारी देवळापाशी पोचलो. पाऊस बारीक लागला होता. पाणंद तशीच, तांबडी, मधोमध पाण्याची धार. पोरं पारावर बसली होती. गेल्या वर्षीचा तो रिवर्सवाला आता मिशा फुटून कॉलेजात गेला होता. गाडी बघून उठला, चाकांकडे बघितलं, मग खाली वाकून पोट बघितलं, आणि म्हणाला, "आता कशाला ढकलायला लागतंय." जरा हिरमुसलाच.

मी थांबून गाडी न्यूट्रलला टाकली, ते लिव्हर खाली दाबून मागे ओढलं. एक टक् आवाज आला. डॅशबोर्डवर छोटी खूण पेटली. मी आईकडे बघितलं. बाबांची आठवण काढेल असं वाटलं होतं.

"मला उतरव," आई म्हणाली.

"अगं, वर जातोय ना आपण."

"तू जा. मी चालत येते."

"तुझा गुडघा—"

"गुडघा माझा मी बघते. काच वर करून सगळ्यांच्या दारावरून अशी गेले तर काय म्हणतील?"

निळं स्टूल काढलं. आई उतरली, छत्री उघडली, त्या मिशीवाल्याचा हात धरला आणि पहिल्याच घराशी थांबली. आतून आवाज आला, "आलीस काय गो!"

मी एकटी वर गेले. दगडावर चाक घातलं, मधे घेतला नाही, घेतला असता तरी दोन सेंटीमीटर उरले असते. साकवाच्या वरच्या चढणीला गाडी नुसती चढली. घसरली नाही, ओरडली नाही, वासही आला नाही. चार मिनिटं लागली. ज्यासाठी मी आठ महिने माझं आणि नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं ते चार मिनिटांत संपलं, आणि बघायला कुणी नव्हतं. अंगणात काका उभा होता. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "वर आणलीस खरी. पण फिरवणार कुठे गो? खाली रिवर्समध्येच जावं लागेल."

आई यायला पाऊण तास लागला. ओटीवर बसून मी तिची छत्री घराघराशी थांबताना बघत होते. इंजिन गार होताना टिकटिक करत होतं. ती आली तेव्हा साडीची कड चिखलाने तांबडी झाली होती, एका हातात मिशीवाल्याचा खांदा आणि दुसऱ्या हातात पिशवी. मिशीवाल्याच्या दोन्ही काखांत कोपरापर्यंत लांब तवशी, आमच्याकडच्या काकड्या.

"चार घरांतून दिली," आई म्हणाली. "उद्या आणखी दोन देणार आहेत. परत जाताना डिकीत मावतील ना गं?"